समुद्र कोणता निवडायचा?

दिवाळी आटोपली आणि बाजारात बोरांची आवक सुरू व्हायची वेळ आली, की मोडनिंब-माढ्याकडच्या बचत गटांत, भिशीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये एकच विषय निघतो. यंदा सहल कुठं? पूर्वी याचं उत्तर ठरलेलं असायचं. तुळजापूर, अक्कलकोट, फार लांब म्हणजे गणपतीपुळे. आता तारकर्ली, गोवा, एखादीच्या मुलाला चांगली नोकरी लागली असेल तर थेट अंदमान. तोंडात नळी धरून पाण्याखालचे रंगीत मासे बघायचे, त्याला स्नॉर्केलिंग म्हणतात, हेही आता आपल्याला माहीत झालंय. छानच आहे की! वर्षभर टँकर आणि कॅनॉलच्या पाळीची वाट बघणाऱ्या बाईनं चार दिवस पाण्यात डुंबावं, यात वावगं काही नाही.

पण मैत्रिणींनो, किनारा निवडतो कसा आपण? मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला निळाशार फोटो बघून. मुलीसाठी स्थळ बघताना नुसत्या फोटोवर होकार देतो का? घर, माणसं, वळण, सगळी चौकशी करतो. समुद्राचीही तशीच करायला हवी. कारण दिसायला देखणा किनारा पोहायला चांगला असेलच असं नाही.

पहिली गोष्ट, पोहायचा किनारा वेगळा आणि मासे बघायचा वेगळा. डुंबायला हवी मऊ वाळू, हळूहळू खोल होत जाणारा तळ आणि शांत लाटा. मासे मात्र राहतात खडकांच्या, प्रवाळांच्या आधारानं. म्हणून मालवणला गेलात तर आंघोळ तारकर्लीच्या वाळूवर आणि मासे सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांत. अंदमानातही तेच. स्वराज द्वीपाचा, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकचा राधानगर किनारा लांबरुंद वाळूचा आहे, २०२० मध्ये त्याला स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचं ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळालं. पण प्रवाळ आणि मासे बघायचे तर त्याच बेटावरच्या एलिफंट बीचला जातात. अंदमानात आणखी एक चौकशी हवी, मगरींची. २०१० मध्ये राधानगरजवळच स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी तरुणीचा मगरीनं बळी घेतला होता. त्यामुळं जिथं मगरीची पाटी लावली आहे, तिथं पाऊल टाकायचं नाही. ‘काही होत नाही हो’ म्हणणारा गाइड असला तरी नाही.

दुसरी गोष्ट, उतार आणि ओढ. गणपतीपुळ्याला देवळासमोरच समुद्र, त्यामुळं दर्शन झालं की पावलं आपोआप पाण्याकडं वळतात. पण तिथला तळ एकदम खोल जातो आणि आजवर कितीतरी माणसं तिथं बुडाली आहेत. तिथं देवाला हात जोडावेत, पाय भिजवावेत आणि मागं फिरावं. नदी जिथं समुद्राला मिळते तिथंही उतरू नये. तारकर्लीपुढं देवबागला कर्ली नदीचा संगम दिसायला फार सुंदर आहे, पण तिथल्या पाण्याला ओढ असते.

ही ओढ म्हणजे काय, तेही समजून घेऊ. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जायला हवं ना? ते एखाद्या खोलगट पट्ट्यातून जोरात आत जातं. गंमत अशी, की नेमक्या त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात. नवख्या माणसाला तीच जागा शांत वाटते आणि तो तिथंच उतरतो. चंद्रभागेचा प्रवाह एकाच दिशेनं वाहतो आणि डोळ्यांना दिसतो. समुद्राचा हा प्रवाह दिसत नाही. त्यात सापडलंच तर किनाऱ्याकडं यायला धडपडू नये, दमछाक होते. अंग सैल सोडून तरंगत राहावं, हात वर करून मदत मागावी, पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावं.

तिसरी गोष्ट, वेळ. तिथी तर आपल्याला पाठच असतात. कोकणातला जुना ठोकताळा असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. एकादशीला अकराची पाऊणपट म्हणजे सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि रात्री. तिथून सहा-एक तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला चढउतार मोठा असतो. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं, आणि भरती चढू लागली की ज्या खडकावर आपण फोटो काढत बसलोय, त्याला मागून पाणी वेढतं. नेमकी वेळ मात्र तिथल्या कोळ्यांना विचारावी. जीवरक्षक असतील तोच किनारा धरावा. गोव्यात २००८ पासून ते नेमलेले आहेत. लाल झेंडा असेल तिथं पाण्यात जायचं नाही.

हे सगळं एवढं तपशिलानं का सांगायचं? १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीला बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या सहलीतले आठ जण गेले. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक दगावले. म्हणून लाइफ जॅकेट पाण्यात उतरताना नाही, बोटीत पाय ठेवतानाच घालायचं आणि पट्टे आवळायचे.

आपल्या बायकांच्याही काही सवयी आहेत. साडीनं किंवा ओढणीसकट पाण्यात जाणं. ओली साडी पायांत गुरफटते आणि पाऊल उचलत नाही. लेगिंग आणि टी-शर्ट घाला, कोण काय म्हणेल याचा विचार लॉजवर ठेवून या. मंगळसूत्र, बांगड्याही तिथंच कुलपात राहू द्या. दहाजणींनी हात धरून साखळी करू नका. एकीचा पाय निसटला की सगळ्या ओढल्या जातात. स्नॉर्केलिंगचा मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर धरून नाकानं श्वास आत ओढून बघा. चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. कमरेइतक्या पाण्यात तोंडानं श्वास घ्यायचा सराव झाल्याशिवाय पुढं जाऊ नका. दमा, बीपी असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि प्रवाळावर पाय देऊ नका. तो दगड दिसला तरी जिवंत असतो.

आता जरा मनातलं बोलू. सहलीत नवरे आणि मुलं पाण्यात आणि बाई वाळूवर चपला, पिशव्या, मोबाइल सांभाळत बसलेली, हे चित्र तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. का? तर तिला पोहता येत नाही. आपल्याकडं मुलगे कमरेला भोपळा नाहीतर डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत शिकले. पोरगी न्हातीधुती झाली की तिचा काठ धुण्यापुरता उरला. आरती साहा या बंगाली मुलीनं १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली, असं करणारी ती आशियातली पहिली स्त्री. त्याला साठ वर्षं उलटून गेली, तरी आपल्या पोरींना विहिरीत उतरायला अजून घरात परवानगी मागावी लागते. पाण्यात पडलेल्या पोराला वाचवायला आई धावते, आणि पोहता येत नसल्यानं दोघंही जातात, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. तेव्हा हा प्रश्न फक्त सहलीचा राहत नाही.

म्हणून यंदा भिशीत सहलीचा विषय निघाला, की आधी हे ठरवा. उन्हाळ्यात पायऱ्यांची, भरवशाची विहीर बघा, पोहणारं जाणतं माणूस सोबत घ्या आणि लेकी-सुनांना उतरवा. सोलापूरला येणं-जाणं असेल तर तिथला जलतरण तलाव गाठा. आधी पाठीवर तरंगायला शिका, बाकीचं जमत जाईल. मग खुशाल समुद्र निवडा. आणि चपला सांभाळायला पाळी लावा. एक पाळी नवऱ्याचीही असू द्या.