यंत्र गेलं, काम राहिलं

चार्जरची वायर उपसून काढताना कुणी क्षणभरही विचार करत नाही. पण २०२३ साली लिनक्सच्या सुरक्षादोषांच्या नोंदींत उपकरण काढून घेताना उद्भवणाऱ्या त्रुटींची रांगच लागली. डीए-९१५० आणि बीक्यू-२४१९० या चार्जिंग चिपांचे ड्रायव्हर, ब्लूटूथचा बीटीएसडीआयओ... चिपा वेगळ्या, चूक एकाच साच्यातली. उपकरण गेलं, त्याच्यासाठी घेतलेली मेमरी परत झाली, आणि ड्रायव्हरने आधीच रांगेत लावून ठेवलेलं काम मागाहून सुरू होऊन त्याच मेमरीत हात घालू लागलं.

असं काम रांगेत लावावंच का लागतं? हार्डवेअरला काही सांगायचं असलं की ते प्रोसेसरला इंटरप्ट देतं, आणि प्रोसेसर हातातलं सोडून त्याच्याकडे वळतो. तिथे रेंगाळायची सोय नसते. कचेरीतल्या आवक टेबलावरचा कारकून जसा शिक्का मारून कागद पुढे सरकवतो, तसं ड्रायव्हरने नोंद घेऊन खरं काम मागच्या रांगेत टाकायचं. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टने तर मर्यादाच सुचवली आहे: इंटरप्टला २५ मायक्रोसेकंद, पुढे ढकललेल्या कामाला म्हणजे डीपीसीला १००. ही कामं फारच रेंगाळली की ‘डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन’ असं लिहिलेला त्रुटीचा पडदा येतो. तो पाहून बिचारा वापरणारा स्वतःलाच दोष देतो.

लिनक्समध्ये या रांगांची यंत्रणा, म्हणजे वर्कक्यू, २००२ साली आली. मग ज्याला त्याला स्वतःची रांग हवी झाली, आणि अशा अनेक रांगा प्रत्येक प्रोसेसरवर एकेक थ्रेड अडवू लागल्या. काही मोठ्या यंत्रांवर तर नुसतं सुरू होतानाच प्रोसेस-क्रमांकांची ३२ हजारांची मर्यादा संपायची! २०१० मध्ये तेजुन हिओ यांनी सगळ्या रांगांना सामायिक थ्रेड पुरवणारी नवी रचना आणली. २०२४ च्या ६.९ आवृत्तीत काम पुढे ढकलण्याच्या जुन्या टास्कलेट यंत्रणेची जागा घेऊ शकेल अशी वर्कक्यूही आली.

म्हणजे काम लावण्याची सोय वीस वर्षं सुधारत गेली. लावलेलं काम मागे घेण्याची जबाबदारी मात्र अजून बव्हंशी ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या आठवणीवर आहे, आणि आक्षेप आहे तो इथे. डीए-९१५० ची दुरुस्ती जेमतेम एका ओळीची होती: निघण्याआधी राहिलेलं काम रद्द कर, चालू असेल तर संपेपर्यंत थांब.

अर्थात ती ओळ कुठे लिहायची, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. काम लावणारा इंटरप्ट किंवा टायमर आधी बंद करावा लागतो, नाहीतर एक काम रद्द होताच दुसरं येऊन बसतं. शिवाय हातात कुलूप धरून काम संपण्याची वाट पाहिली आणि त्या कामालाही तेच कुलूप हवं असलं, तर दोघंही कायमचे अडकतात. उपकरण निघाल्यावर काम आपोआप रद्द करणारी सोय २०२१ पासून कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आहे, पण ती वापरायची सक्ती नाही, आणि आधी काय बंद करायचं हा क्रम तीही आपणहून जुळवत नाही.

सक्ती हवी ती तपासणीत. मोकळ्या झालेल्या मेमरीला हात लागला की लगेच ओरडणारं केसॅन हे साधन २०१५ पासून कर्नलमध्येच आहे. ते चालू ठेवून, उपकरण पूर्ण भाराखाली असताना, पुन्हा पुन्हा काढून-घालून पाहणं हे काही महागडं संशोधन नव्हे. तरी कंपन्यांच्या जाहिरातींत वेगाचे आकडे असतात, उपकरण सुखरूप बाहेर पडण्याची चाचणी कधीच नसते. ड्रायव्हर काम रांगेत लावतो, पण निघताना ते कुठे रद्द होतं हे दाखवता येत नाही, असं दिसलं तर कर्नलच्या परीक्षकांनी तो बिनदिक्कत परत पाठवावा. चिप कितीही नामवंत कंपनीची असो.