हौदातले सोनेरी मासे



या खेपेला ना पीक, ना खत. विषय मुलांच्या आवडीचा आहे, पण घरातल्या थोरांनीही तो वाचावा अशी विनंती आहे. कारण शेवटी समजेलच.

मागच्या पावसाळ्यात एका वस्तीवर कपाशी पाहायला गेलो होतो. पाहणी आटोपून चहाला बसलो, तर घरातला पाचवीतला मुलगा कोपऱ्यात तोंड पाडून बसलेला. त्याने जत्रेतून नऊ सोनेरी मासे आणून गोठ्याजवळच्या हौदात सोडले होते. चार महिने चांगले वाढले आणि त्या दिवशी सकाळी सगळेच्या सगळे उताणे तरंगत होते. वडील म्हणाले, "साहेब, काहीतरी रोग आला बघा. जाऊ द्या, दहा-वीस रुपयांचे मासे ते."

मी हौदापाशी गेलो. माशांबरोबर पाणकिडे मेले होते आणि डासांच्या अळ्याही मेल्या होत्या. मी विचारले, "काल फवारणी केली होती का?" केली होती. "पंप कुठे धुतला?" मालक गप्प झाले. पंप हौदाच्या काठावर धुतला होता आणि औषधाचे माप हौदातच विसळले होते.

मंडळी, रोग असा एका रात्रीत सगळ्यांना नेत नाही. रोगाने आज एक, परवा दुसरा असे मासे जातात. सगळे एकदम गेले तर दोनच कारणे आधी पाहावीत, प्राणवायूची टंचाई किंवा विष. डासांच्या अळ्या पाण्यावर येऊन हवेतला श्वास घेतात, त्यामुळे पाण्यातला प्राणवायू संपला तरी त्या मरत नाहीत. त्या आणि किडेही मेले म्हणजे कीटकनाशकाचाच संशय घ्यावा. सायपरमेथ्रिनसारखी औषधे तर माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारक असतात. आणि त्याच हौदावर संध्याकाळी बैलजोडी व दुभती गाय पाण्याला येणार होती!

आता मासे निरोगी कसे राखावेत ते क्रमाने सांगतो.

हौद : सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि अडीच फूट खोल पाणी असलेल्या हौदात साधारण १,७०० लिटर पाणी मावते. त्यात दहा मासे पुष्कळ झाले. आज बोटाएवढा दिसणारा मासा पुढे वीतभर होतो, हे ध्यानात ठेवा. हौद नवा सिमेंटचा असेल तर लगेच मासे सोडू नका. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो. दोन-तीन आठवडे पाणी भरून ठेवा आणि तीन-चार वेळा उपसून टाका. दुपारी हौदावर झाडाची नाहीतर मांडवाची सावली हवी.

पाणी : गावच्या विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकलेली असते. ती माणसांसाठी आवश्यकच आहे, पण तिच्यातला क्लोरिन माशांची कल्ले जाळतो. असे पाणी दोन दिवस उघड्या पिंपात ठेवून मग हौदात घाला. मी स्वतः कृषी पदवीधर, पण नोकरीच्या सुरुवातीला हाच धडा मुलीचे तीन मासे घालवून शिकलो. नळाचे पाणी थेट सोडले आणि तासाभरात मासे गेले. पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. हौदाच्या भिंतीवर व तळाशी वाढणारे उपकारक जिवाणू त्याचे रूपांतर करून शेवटी नायट्रेट बनवतात. नव्या हौदात हे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला दोन-तीनच मासे सोडा. दर आठवड्याला चौथाई पाणी बदला. सगळे पाणी एकदम उपसून भिंती घासू नका, त्याने जिवाणूही जातात. काढलेले पाणी परसातल्या मेथीला, वांग्याला घाला. नत्र फुकट मिळते.

प्राणवायू : मासे पहाटे पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर प्राणवायू कमी पडला असे समजा. ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि शेवाळ व पाणवनस्पती रात्री तोच वापरतात. म्हणून पहाटेची वेळ सर्वांत वाईट. लगेच ताजे, क्लोरिन नसलेले पाणी उंचावरून धारेने सोडा. शेवाळ व गाळ कमी करा. एखादे कमळ चालेल, पण अर्ध्याहून जास्त पाणी झाकू देऊ नका. जलपर्णी मात्र आणूच नका.

खाणे : या माशाला खरे जठर नसते, म्हणून एकदम पोटभर खाणे त्याला मानवत नाही. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच दिवसातून एक-दोनदा द्या. पोळी, भात, पाव टाकू नका, ते कुजून पाणी नासते. माशांच्या खाद्याबरोबर थोडा अझोला, उकडून साल काढलेला वाटाणा चालतो. डासांच्या अळ्या तर ते आपणहून वेचतात. कडाक्याच्या थंडीत पचन मंदावते, तेव्हा खाणे कमी करा.

आजार : अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, कुरतडलेले पर, अंगाला चिकटलेली ऊ किंवा दोऱ्यासारखा जंत दिसला तर तो मासा वेगळ्या टबात काढा. पांढरे ठिपके व पर कुजणे यांवर लिटरला ३ ग्रॅम साधे मीठ उपयोगी पडते. ते एकदम न टाकता दोन दिवसांत थोडे थोडे विरघळवून घाला. मीठ मोठ्या हौदात टाकू नका, तिथे जनावरे पाणी पितात. नवा मासा आणला तर आधी दोन-तीन आठवडे टबातच ठेवा.

राखण : खंड्या, बगळा, मांजर आणि दिवड या चौघांना हौदाचा पत्ता लवकर लागतो. वर जाळी बांधा. लहान मुले असलेल्या घरात तर ती हवीच. मासे नकोसे झाले तर ओढ्यात, तलावात सोडू नका. बाहेरचा मासा तिथल्या माशांच्या मुळावर येतो.

आता त्या वस्तीकडे वळू. जनावरे लगेच दूर बांधली. हौदाचे पाणी नाल्यात व विहिरीकडे न जाऊ देता लांबच्या पडीक तुकड्यात उपसून टाकले. हौद दोनदा घासून धुतला आणि मगच भरला. तेव्हापासून पंप रानातच तीनदा धुतला जातो आणि ते पाणी त्याच पिकावर फवारले जाते. दिवाळीत गेलो तेव्हा हौदात पाच नवे मासे होते. मालकच म्हणाले, "साहेब, मासे दहा-वीस रुपयांचे, पण गाय साठ हजारांची. आता रोज सकाळी मासे बघूनच दावं सोडतो."

हेच मला सांगायचे होते. हौदातला मासा शोभेचा खरा, पण तो पाण्याचा राखणदारही आहे. मात्र मासे जिवंत आहेत म्हणून ते पाणी माणसांनी प्यावे असे नव्हे, पिण्याचे पाणी वेगळेच हवे. मुलांनी मासे मागितले तर नाही म्हणू नका. पण फवारणीचा पंप हौदापासून लांब ठेवा.