पुडा उलटा करा!

दोस्तांनो, पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना गाडी थांबली, की शेपूट हलवत कुत्रोबा हजर! पण थांबा, बिस्किटाचा पुडा फोडण्याआधी उलटा करा. मागे घटकांची यादी असते. ज्याचं वजन सर्वांत जास्त, त्याचं नाव पहिलं. बहुधा मैदा आणि साखरच पुढे दिसेल. यादीत कोको, मनुका, कांदा, लसूण किंवा झायलिटॉल असेल, तर मुळीच देऊ नका. कुत्र्यांना ते विषासारखं बाधतं. घरच्या मोत्यासाठी आणलेलं पाकीटही असंच वाचा. चिकन नुसतं चित्रात आहे, की यादीतही पुढे आहे? घाटात द्यायचीच तर साधी भाकरी द्या. मोठ्यांना विचारून, रस्त्यापासून दूर ठेवून. मग, आज कुठला पुडा उलटा करताय?