हवाना आणि आपली पद्मिनी

या पर्यटन विशेषांकात आपण क्युबाच्या राजधानीत, हवानात जाणार आहोत. 1519 साली वसलेल्या या शहराचा जुना भाग 1982 पासून जागतिक वारसा यादीत आहे. पर्यटकांना मात्र ओढ असते ती 1950 च्या दशकातल्या अमेरिकी गाड्यांची. 1959 च्या क्रांतीनंतर नव्या गाड्या, सुटे भाग मिळेनासे झाले. 1962 मध्ये अमेरिकेची व्यापारबंदी आली. तिथल्या मेकॅनिकांनी शेव्हरोलेत रशियन इंजिनं बसवली, न मिळणारे भाग हातानं घडवले. नाइलाजानं शिकलेलं ते कसब आज शहराची ओळख झालं आहे.

आपल्याकडेही अशीच एक गाडी होती, पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्यातल्या कारखान्यातून ती बाहेर पडली. स्टिअरिंगलगतचा गिअर, काचेबाहेर डाव्या अंगाला बसवलेला लोखंडी मीटर, पिवळं छत: मुंबईच्या किती पिढ्या तिच्यातून हिंडल्या! ऑक्टोबर 2023 मध्ये वीस वर्षांची मुदत संपली आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली. धूर ओकणारी वाहनं थांबायलाच हवीत. पण सगळीच भंगारात कशाला?

जपावा असा वारसा आपल्या दारातही आहे: आपल्या मीरा-भाईंदरच्या हद्दीत घोडबंदरचा किल्ला आहे, 1737 साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला. हवानाला जरूर जा. त्याआधी मुलांना घोडबंदर दाखवा. आणि एखादी पद्मिनी चालू स्थितीत, ती दुरुस्त करू जाणणाऱ्या मिस्त्रींसह, आपल्या शहरानं सांभाळावी, असा आमचा आग्रह आहे.