एक रतल धान्य आणि पोटाचा घेर

१८७६ मध्ये पावसाने दगा दिला आणि सोलापूर जिल्हा होरपळला. माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली. १८७७ च्या आरंभी दुष्काळासाठी नेमलेले सरकारी प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी पुरुषाची रोजची मजुरी ठरवली : एक रतल धान्य, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, आणि वर थोडे पैसे. एवढ्यावर अंगमेहनत होत नाही, असे मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश बजावत होते. पुण्याची सार्वजनिक सभाही सरकारकडे दाद मागत होती.

कमी पडलेले अन्न शरीर स्वतःच्या साठ्यातून भरून काढत होते. पोट रिकामे राहिले की रक्तातले इन्सुलिन उतरते. ते चढलेले असेतो चरबीच्या पेशी आपला साठा धरून ठेवतात. ते उतरले आणि ॲड्रिनलीनचा जोर वाढला की पेशींतली विकरे चरबी फोडतात. सुटलेली मेदाम्ले स्नायूंना मिळतात, यकृत त्यांचे किटोन बनवून मेंदूला जगवते. साठा आटत गेला की लेप्टिन हे चरबीची खबर मेंदूला देणारे संप्रेरक घटते, भूक खवळते, बायकांची पाळी थांबते. शेवटी स्नायूच झिजतात. यातले इन्सुलिन १९२१ मध्ये हाती लागले, लेप्टिन तर १९९४ मध्ये.

दुष्काळांनी आपल्यात चरबी साठवणारी काटकसरी जनुके टिकवली आणि आज त्यांतून मधुमेह होतो, अशी मांडणी जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी १९६२ मध्ये केली. मला ती अपुरी वाटते. जनुकांवर बोट ठेवले की आईच्या ताटाकडे पाहायला नको! पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू रोडके, कातडीखालची चरबी मात्र जवळपास तेवढीच. दुसऱ्या एका अभ्यासात नाळेच्या रक्तात इन्सुलिनही जास्त आढळले.

अशी मुलगी मोठी होऊन सोलापुरात मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळते. हात काटकुळे, पोट सुटलेले. तिच्या पोटातली चरबी इन्सुलिनला जुमानत नाही. जेवल्यानंतरही मेदाम्ले सुटत राहतात, यकृतात साचतात आणि साखर चढते. वजनकाटा मात्र तिला ठणठणीत ठरवतो.

रतलाने मजुराची भूक मोजली गेली नाही, तशी नुसत्या किलोंनी हिची प्रकृती कळणार नाही. आरोग्य केंद्रात काट्याशेजारी कमरेचा घेर मोजायला टेप हवी, विडी कामगार बायकांच्या रक्तातली साखर दरवर्षी तपासली जावी, आणि डाळ, दूध, अंडी, पालेभाजी मुलींच्या ताटात शाळेच्या वयापासूनच यावी.