खाडा नसलेली डायरी

बँकेत असताना डिसेंबर उजाडला की आमच्या शाखेत ओळखीची माणसं एकाएकी वाढत. वर्षभर काउंटरवर हुज्जत घालणारे गृहस्थही "काय साहेब, यंदाच्या डायऱ्या आल्या का?" असं गोड आवाजात विचारत. डायऱ्या मोजक्या, मागणारे फार. मी आपली एक आधीच बाजूला काढून ठेवत असे. निवृत्तीनंतर माळ्यावरची ट्रंक उघडली तेव्हा अशा तीसएक डायऱ्या निघाल्या. बहुतेकींची कथा एकच. १ जानेवारीच्या पानावर ठसठशीत अक्षरात संकल्प : पहाटे उठणे, रोज शास्त्राचा एक अध्याय वाचणे, चहा कमी, राग कमी, लेखन जास्त. महिनाअखेरीस त्याच पानांवर दुधाचा हिशेब, आणि मार्चपासून पुढे कोरा कागद.

आता डायरीची जागा मोबाइलने घेतली आहे. तो पावलं मोजतो, पाणी प्यायची आठवण करतो, झोप किती झाली तेही सांगतो. पण मोडणारा माणूस आणि मोडणारे संकल्प तेच आहेत.

त्या साऱ्या डायऱ्यांत एकच अशी आहे की जिच्यात जवळजवळ खाडा नाही. ती १९९६ची. तिच्याविषयीच लिहायला बसलो आहे. पण त्याआधी थोडं बँकेबद्दल.

बँकेत वर्ष संपतं ३१ मार्चला. ठेवींचं टार्गेट तोपर्यंत गाठायचं. मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही ओळखीच्या व्यापाऱ्यांना, कारखानदारांना गाठायचो. "शेटजी, चार दिवस पैसे आमच्याकडे राहू द्या." शेटजी मान डोलवायचे. ३१ तारखेला आकडा झळकायचा, वरून शाबासकी यायची, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पैसे आले तसे निघून जायचे. टार्गेट पूर्ण झालेलं असायचं. बँक मात्र होती तिथेच. मीही हे केलं आहे, एकदा नव्हे, अनेकदा. लाज वाटावी असं तेव्हा त्यात काही वाटत नसे.

पुढे लक्षात आलं की स्वतःच्या आयुष्यातही मी हाच मार्च साजरा करत होतो.

आम्ही नगरचे मराठी ख्रिस्ती. गावाचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण जिभेवर अजून नगरच येतं. आमच्याकडे ३१ डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये उपासना असते. बारा वाजण्याच्या सुमारास सगळे गुडघे टेकतात आणि नवं वर्ष प्रार्थनेतच सुरू होतं. त्याआधी लोक उठून साक्ष देतात : कोणाचं दुखणं बरं झालं, कोणाच्या मुलाला नोकरी लागली. संकल्पही तिथेच केले जातात. म्हणजे संकल्प हा आमच्यासाठी खाजगी मामला नाही. तो देवासमोर आणि चारचौघांसमोर केलेला शब्द असतो.

काही श्रद्धाळू मंडळी म्हणतात, "ध्येयं-बियं कशाला? देव बघून घेईल." मला हे पटत नाही. त्यात श्रद्धेपेक्षा आळसच जास्त असतो. लूकच्या शुभवर्तमानात येशूने बुरूज बांधणाऱ्या माणसाचं उदाहरण दिलं आहे. काम हाती घेण्याआधी बसून खर्चाचा अंदाज न घेणाऱ्याचा पाया तेवढा होतो आणि पुढे हसं होतं. कर्जाचा अर्ज तपासणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याला हे उदाहरण आवडेल.

पण त्याच पवित्र शास्त्रात याकोबाचं पत्रही आहे. अमुक शहरी जाऊ, वर्षभर राहू, व्यापार करू, नफा मिळवू, असे बेत आखणाऱ्यांना याकोब विचारतो की बाबांनो, उद्याचं तुम्हाला काय ठाऊक? क्षणभर दिसून विरणाऱ्या वाफेसारखं तुमचं आयुष्य! बेत आखू नका असं तो म्हणत नाही. बेताच्या आधी 'प्रभूची इच्छा असली तर' एवढं जोडा, असं त्याचं सांगणं. थोडक्यात, हिशेब मांडा, पण पेन्सिलीने मांडा.

१९९६ साली मी तो शाईने मांडला. कादंबरी बरीच वर्षं डोक्यात होती. रोज दोन पानं लिहायची आणि ३१ डिसेंबरच्या आत ती संपवायची, असं ठरवलं. बँकेतून आलो की चहा, आणि लगेच टेबल. पानं झाली की डायरीत बरोबरची खूण.

वडील आमच्याकडेच होते. मिशनच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं. काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. दिवस रेडिओवर निघायचा. संध्याकाळ जात नसे. मी टेबलाशी बसलो की आतल्या खोलीतून हाक यायची, "एखादा अध्याय वाचून दाखवतोस का रे?" मी म्हणायचो, "बाबा, एवढी दोन पानं होऊ द्या." दोन पानं होईपर्यंत ते झोपलेले असत. पत्नीने एकदा सांगून पाहिलं. "अहो, दहा मिनिटं बसा ना त्यांच्यापाशी. कादंबरी कुठे पळून जातेय?" मी तिलाच शिस्तीचं महत्त्व समजावून सांगितलं. हळूहळू हाक कमी झाली. मला वाटलं, बाबांना सवय झाली.

नोव्हेंबरमध्ये ते गेले. त्या डायरीत तीन पानांवर खूण नाही. ती अंत्यविधीची. चौथ्या दिवशी पुन्हा खूण आहे.

कादंबरी २८ डिसेंबरला पूर्ण झाली. ३१ च्या रात्री साक्ष द्यायला मी उठलोही. संकल्प तडीस गेला म्हणून देवाचे आभार मानायचे होते. शब्द फुटला नाही. लोकांना वाटलं, वडिलांच्या आठवणीने कंठ दाटला. ते खरंच होतं, पण त्यांना वाटलं त्या अर्थाने नव्हे.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्यामागे लागला आहे. संकल्प मोडणाऱ्यांना आपण दुबळे म्हणतो. पण संकल्प पाळूनही माणूस चुकतो, त्याचं काय?

अमेरिकेतले धर्मपंडित जोनाथन एडवर्ड्स यांनी १७२२-२३ च्या सुमारास, ऐन विशीच्या आसपास असताना, ७० संकल्प लिहून काढले. ते दर आठवड्याला एकदा वाचायचे, असं त्यांनी स्वतःला बजावून ठेवलं होतं. देवाच्या साहाय्यावाचून यातलं काहीच होणार नाही, ही कबुलीही सुरुवातीलाच दिली होती. वेळ, जीभ, खाणंपिणं, राग, सगळ्याची झडती त्या संकल्पांत आहे. याच एडवर्ड्सनी १७३१ मध्ये एक गुलाम मुलगी विकत घेतली. तिचं खरेदीपत्र आजही जपून ठेवलेलं आहे. ७० संकल्प आठवड्याला एकदा वाचणाऱ्या माणसाला त्यात वावगं दिसलं नाही. त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. यादी कितीही लांब असली तरी यादीबाहेरचं माणूस दिसत नाही, हे मी माझ्याच घरात पाहिलं आहे.

याच्या नेमकं उलट उदाहरण आपल्याकडे आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढलं. ध्येय स्पष्ट होतं : उच्चवर्णीय विधवांचं शिक्षण. पुढे संस्थेला उत्पन्न मिळावं म्हणून केडगावला फळबागेसाठी जमीन घेतली. मग १८९६-९७चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, उपाशी, निराधार मुली पाहिल्या आणि त्यांना शेकड्यांनी घेऊन आल्या. मूळ योजनेत या मुली नव्हत्या. बागेच्या जमिनीवर मुक्तिसदन उभं राहिलं. १९००च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. रमाबाईंनी ध्येय सोडलं नाही. दारात आलेल्यांसाठी ते मोठं केलं.

चिकाटीतही त्या कमी नव्हत्या. सामान्य बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणायचं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची पंधराएक वर्षं त्या कामाला दिली. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ते हातावेगळं झालं आणि लवकरच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. जिद्द आणि उघडं दार एकाच माणसाजवळ असू शकतात, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

आणि काम अपुरं राहिलं तर? रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं 'ख्रिस्तायन' १९१९ साली त्यांच्या मृत्यूने अर्धवट राहिलं. थोडेच अध्याय झाले होते. उरलेले, त्यांच्याहून कितीतरी अधिक, लक्ष्मीबाईंनी लिहिले. लग्नाच्या वेळी त्यांना लिहितावाचताही येत नव्हतं! तेव्हा ध्येय आपल्याच हातून पुरं झालं पाहिजे, हा हट्टही सोडायला हरकत नाही.

तुम्ही म्हणाल, मग करायचं काय? उपदेशाचा मला अधिकार नाही. मी काय करतो, तेवढं सांगतो.

जुन्या बँकेत लेजरच्या दिवसांत, दिवसाचा हिशेब जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. काही पैशांचा फरक लागला तरी रात्री दहापर्यंत शोधायचा. वर्षअखेरच्या आकड्यापेक्षा या रोजच्या जुळवणीवर बँक उभी होती. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या अनुयायांना असंच आत्मपरीक्षण रोज करायला सांगितलं, आणि त्याची सुरुवात आभार मानण्यापासून करायला सांगितली. झोपण्यापूर्वी मी दहा मिनिटं तेच करतो. आज किती पानं झाली हा प्रश्न असतोच. पण त्याच्या आधी, आज मला कोणी हाक मारली आणि मी ओ दिली का, हे विचारतो.

दुसरं, आवर्ती ठेवीचा हप्ता चुकला तर थोडा दंड बसतो. म्हणून कोणी लगेच खातं बंद करत नाही. संकल्पाचा एक दिवस चुकला की आपण सगळं वर्षच रद्द करतो, हे कशासाठी? आमच्या विश्वासात क्षमा आहे ती त्यासाठीच. दुसऱ्या दिवशी हप्ता भरायचा.

तिसरं, मत्तयाच्या शुभवर्तमानातली तालांतांची गोष्ट. धनी परदेशी जाताना एका नोकराला पाच, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक तालांत देतो. पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला अगदी सारख्याच शब्दांत शाबासकी मिळते. आमच्या हेड ऑफिसने हे कधीच केलं नसतं! एक तालांत पुरून ठेवणाऱ्याला मात्र धनी म्हणतो की निदान सावकाराकडे ठेवला असतास तर व्याज तरी मिळालं असतं. म्हणजे शेजाऱ्याच्या मुलाच्या टक्केवारीशी आपल्या मुलाची तुलना करायची नाही, आणि भीतीने हातचं पुरूनही ठेवायचं नाही.

ती कादंबरी छापली गेली. बऱ्यापैकी वाचलीही गेली. अर्पणपत्रिका वडिलांच्या नावाने आहे, आणि ती वाचून लोक म्हणतात, काय भाग्यवान वडील! मी गप्प राहतो.

नव्या कादंबरीचं काम सध्या चालू आहे. ती कधी संपेल ते डायरीत लिहिलेलं नाही. पेन्सिलीने फक्त 'रोज एक पान' असं लिहिलं आहे. लिहिण्याच्या खोलीचं दार मी आता लावून घेत नाही. पत्नीचे डोळे अलीकडे संध्याकाळी दुखतात. दिवे लागले की ती हाक मारते, आणि पान जिथे असेल तिथे ठेवून मी तिला एक अध्याय वाचून दाखवायला जातो.

त्यामुळे या वर्षीच्या डायरीत खाडे बरेच आहेत.