मार्क ट्वेन यांच्या घरात सांकेतिक भाषा पाहुणी नाही

१/ अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात मार्क ट्वेन यांचे घर आहे. १८७४ ते १८९१ या काळात ते येथे सहकुटुंब राहिले. आज ते संग्रहालय आहे. अशा घरांच्या मार्गदर्शित फेरीत कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी असला, तर त्याला सहसा ‘सोय’ म्हटले जाते. हार्टफर्डच्या बाबतीत हा शब्द तोकडा पडतो. या शहरात ही भाषा ट्वेन यांच्या घरापेक्षा जुनी आहे.

२/ ट्वेन येथे राहायला येण्याच्या ५७ वर्षे आधी, १८१७ साली, हार्टफर्डमध्ये कर्णबधिरांसाठी अमेरिकेतील पहिली कायमस्वरूपी शाळा सुरू झाली. थॉमस गॅलॉडेट यांनी त्यासाठी पॅरिसहून लोरां क्लेर्क या कर्णबधिर शिक्षकाला आणले. क्लेर्क यांच्या फ्रेंच खुणा आणि मुलांनी आपापल्या गावांतून आणलेल्या खुणा यांच्या मिश्रणातून आजची अमेरिकन सांकेतिक भाषा घडत गेली.

३/ शाळेच्या तेव्हाच्या नावात ‘असायलम’, म्हणजे आश्रयस्थान, हा शब्द होता. त्यावरूनच तेथील टेकडीला ‘असायलम हिल’ हे नाव पडले. ट्वेन यांचे घर याच परिसरात आहे. ते येथे राहत होते, तेव्हा शाळाही याच टेकडीवर भरत होती. दोन्ही वास्तू एकाच इतिहासाचा भाग आहेत. त्यांपैकी एकीचीच कथा सांगणे म्हणजे अर्धा इतिहास सांगणे होय.

४/ त्याच काळात या भाषेवर मोठा आघात झाला. १८८० साली मिलान येथील आंतरराष्ट्रीय शिक्षण परिषदेने कर्णबधिर मुलांना खुणांऐवजी उच्चार आणि ओष्ठवाचन यांद्वारेच शिकवावे, असा ठराव केला. ठराव करणाऱ्यांत कर्णबधिर जवळजवळ नव्हतेच. अमेरिकेत या मताचे सर्वांत वजनदार पुरस्कर्ते होते टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. ट्वेन यांच्या घरात टेलिफोन फार लवकर आला होता. त्या यंत्राची गोष्ट सांगताना मार्गदर्शकाने बेल यांची ही बाजूही सांगितली पाहिजे.

५/ ‘शाळेचा ट्वेन यांच्या साहित्याशी काय संबंध?’ असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर ‘हकलबरी फिन’ या कादंबरीत आहे. गुलामगिरीतून पळालेला जिम आपल्या चार वर्षांच्या मुलीची आठवण सांगतो. दार लाव म्हटल्यावर ती ऐकत नाही, म्हणून तो तिला मारतो. मग वाऱ्याने दार धाडकन आपटते आणि मुलगी जागची हलतही नाही. तापातून उठलेल्या त्या लेकराची श्रवणशक्ती गेली आहे, हे त्याला तेव्हा कळते. कर्णबधिर वाचक हा प्रसंग आपल्या अनुभवाच्या आधारे वाचतो. त्यावर त्याला काही विचारायचे, सांगायचे असेल, तर ते त्याच्या भाषेत शक्य हवे.

६/ ‘छापील माहितीपत्रक पुरेसे नाही का?’ हा दुसरा आक्षेप. सांकेतिक भाषा ज्यांची पहिली भाषा आहे, त्यांच्यातील अनेकांसाठी इंग्रजी ही नंतर शिकलेली भाषा असते. शिवाय पत्रकाला प्रश्न विचारता येत नाही, आणि फेरीचे मर्म तर प्रश्नोत्तरांतच आहे.

७/ मात्र नुसता दुभाषी उभा केल्याने काम संपत नाही. ग्रंथालयातील शेकोटीवर मांडलेल्या वस्तू एकामागून एक गुंफत ट्वेन मुलींना गोष्टी रचून सांगत. हे सांगताना मार्गदर्शक वस्तूकडे बोट दाखवतो; पण कर्णबधिर पाहुण्याचे डोळे त्या क्षणी दुभाष्याच्या हातांवर असतात. म्हणून आधी सांगावे, मग थांबावे आणि वस्तू पाहू द्यावी. जुन्या घरांतील मंद उजेडात दुभाष्याचे हात नीट दिसतील, अशी जागाही निवडावी.

८/ अमेरिकेतील १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यानुसार संग्रहालयांनी कर्णबधिरांशी परिणामकारक संवाद साधणे अपेक्षित आहे, आणि दुभाषी हा त्याचा एक मान्य मार्ग आहे. परंतु ‘मागणी आली तर पाहू’ एवढ्याने भागत नाही. ऐकू येणारा माणूस मनात आले की तिकीट काढतो; कर्णबधिराने मात्र प्रत्येक वेळी आधी अर्ज का करावा? अशा घरांनी सांकेतिक भाषेतील फेऱ्यांचे दिवस आधीच ठरवून जाहीर करावेत.

९/ त्याहून पुढची पायरी म्हणजे कर्णबधिर मार्गदर्शकाने स्वतःच फेरी घेणे, आणि ऐकू येणाऱ्यांसाठी दुभाष्याने ती बोलून दाखवणे. ट्वेन यांनी शिष्टसंमत नसलेल्या बोलींना साहित्यात मान मिळवून दिला. ज्या भाषेला दीर्घकाळ केवळ हातवारे समजले गेले, ती त्यांच्या घरात पाहुण्यांचे स्वागत करू लागली, तर ते त्यांच्या वारशाला साजेसेच होईल. अशा फेरीची सुरुवात मात्र टेकडीच्या नावापासून व्हावी.